आठवणींची एकच कणगी नसते



इतिहास म्हटलं की डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि सनावळ्या येतात. आज आम्ही वेगळ्याच गोष्टीचा इतिहास सांगणार आहोत. आपल्याला आठवतं कसं आणि आपण विसरतो कसं, हे माणसाला कसकसं कळत गेलं, त्याचा हा इतिहास आहे. तो फार जुना नाही, जेमतेम दीडशे वर्षांचा आहे.

हा विषय घ्यायला कारण आहे. गावात, घरात, गटाच्या बैठकीत तीन वाक्यं नेहमी कानावर पडतात. एक, ‘हिच्या डोक्यात काही राहतच नाही.’ दुसरं, ‘सासूबाई आत्ता जेवल्या, आणि शेजारणीला सांगतात की सुनेनं मला वाढलंच नाही.’ तिसरं, ‘मी कुठं शाळेत गेले, माझ्या काय ध्यानात राहणार!’ या तिन्ही वाक्यांच्या मागे एकच समजूत आहे. आठवण म्हणजे डोक्यातली एक कणगी. ज्याची कणगी मोठी तो हुशार, ज्याची गळकी तो विसरभोळा, आणि कणगीतलं एक आठवत असेल तर दुसरंही आठवलंच पाहिजे. आठवत नसेल तर माणूस ढोंग करतो.

ही समजूत चुकीची आहे. ती चुकीची आहे हे जगाला कळलं एका साध्या कामगारामुळे, त्याच्या आईमुळे आणि एका चिकाटीच्या बाईमुळे. त्यांची गोष्ट सांगण्याआधी थोडं मागे जाऊ.

आठवण पहिल्यांदा मोजली ती जर्मनीतल्या हेर्मान एबिंगहाउस यांनी. त्यांचं पुस्तक १८८५ साली निघालं. त्यांनी प्रयोग केले ते स्वतःवरच. ज्यांना काहीही अर्थ नाही असे सुमारे २३०० अक्षरगट त्यांनी बनवले. त्यांच्या याद्या करायच्या, त्या तोंडपाठ होईपर्यंत म्हणायच्या, मग काही वेळानं त्याच याद्या पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या वेळी किती कमी वेळ लागला ते लिहून ठेवायचं, असं त्यांनी महिनोन्‌महिने केलं. दुसऱ्या वेळी जेवढी मेहनत वाचली, तेवढं डोक्यात टिकलं असं त्यांनी धरलं. आणि मैत्रिणींनो, या वाचलेल्या मेहनतीला त्यांनी नाव दिलं ‘बचत’!

ही बचत त्यांना अशी दिसली. वीस मिनिटांनी ५८ टक्के, एका दिवसानं ३४ टक्के, महिन्यानं २१ टक्के. म्हणजे गळती सगळ्यात जास्त पहिल्या काही तासांतच होते. पुढे ती मंदावते. आपण एका दिवसात एवढं विसरतो, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. स्वतः शास्त्रज्ञही तसाच विसरत होता.

त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. एक यादी एकाच दिवशी ६८ वेळा म्हटली, आणि तशीच यादी तीन दिवसांत वाटून ३८ वेळा म्हटली, तर दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच होता. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या आपल्या मुलामुलींना ही गोष्ट जरूर सांगा. थोडं थोडं, रोज रोज. गटातला रोजचा रुपया जसा साठतो, तसंच हे.

पण एबिंगहाउस यांनी मोजलं ते एकाच प्रकारचं स्मरण, पाठांतराचं. आठवणी डोक्यात कुठे राहतात, त्या सगळ्या एकाच जातीच्या असतात का, हे अजून कोणाला ठाऊक नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक जाणत्यांना वाटत होतं की आठवणी मेंदूभर पसरलेल्या असतात, त्यांची अशी वेगळी जागा नसते.

आता आपल्या कामगाराकडे येऊ. त्याचं नाव हेन्री मोलेसन. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात तो १९२६ साली जन्मला. मोटार वायंडिंगचं काम करायचा. आपल्याकडे विहिरीवरची मोटार जळाली की ती ज्याच्याकडे भरायला नेतो, तसल्याच हातकामाचा माणूस. लहानपणापासून त्याला फिट यायच्या. पुढे त्या इतक्या वाढल्या की औषधांचे मोठे डोस घेऊनही काम करणं अशक्य झालं. शेवटी १९५३ साली, तो सत्तावीस वर्षांचा असताना, हार्टफर्ड शहरातले शल्यचिकित्सक विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूचं ऑपरेशन केलं. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो, तिथला काही भाग त्यांनी दोन्हीकडून काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा बराच हिस्सा होता. समुद्रात घोड्याच्या तोंडासारखा दिसणारा एक लहान मासा असतो. हा भाग त्याच्यासारखा वळलेला दिसतो, म्हणून त्याला त्या माशाचं नाव दिलेलं आहे. तो कशासाठी असतो, हे तेव्हा नीट माहीत नव्हतं.

हेन्रीच्या फिट पुष्कळ कमी झाल्या. पण एक वेगळंच संकट उभं राहिलं. त्याला नवीन काही लक्षात राहीना.

हे नेमकं कसं दिसत होतं, ते घरात राहणाऱ्या आईनं टिपलं होतं. तिनं सांगितलेल्या गोष्टी १९५७ सालच्या शास्त्रीय लेखात छापलेल्या आहेत. हेन्री अंगणातलं गवत यंत्रानं व्यवस्थित कापायचा, पण ते यंत्र कुठे ठेवलंय हे आईला रोज सांगावं लागे, काल वापरलेलं असलं तरी. तीच ती मासिकं तो पुन्हा पुन्हा वाचायचा आणि प्रत्येक वेळी ती त्याला नवीच वाटायची. घरच्यांनी जवळच दुसरीकडे बिऱ्हाड हलवलं होतं. दहा महिने झाले तरी नव्या घराचा पत्ता त्याच्या ध्यानात राहिला नाही, जुन्याचा मात्र पक्का होता. मैत्रिणींनो, कुठल्याही यंत्रानं नव्हे, तर रोज शेजारी वावरणाऱ्या बाईच्या नजरेनं दिलेला हा पुरावा आहे.

तो लेख लिहिणाऱ्या दोघांपैकी एक स्कोव्हिल होते आणि दुसऱ्या होत्या ब्रेंडा मिल्नर. त्यांचा जन्म १९१८ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात झाला. पुढे त्या कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात काम करू लागल्या. तिथे ऑपरेशन झालेल्या एका रुग्णाची स्मरणशक्ती अशीच गेलेली त्यांनी पाहिली होती. ते कळल्यावर स्कोव्हिल यांनी मॉन्ट्रियलला संपर्क केला, आणि हेन्रीला तपासण्यासाठी मिल्नरबाई रात्रीच्या रेल्वेनं हार्टफर्डला आल्या.

२६ एप्रिल १९५५ रोजी त्या हेन्रीपुढे बसल्या. आज तारीख काय, असं त्यांनी विचारलं. हेन्री म्हणाला, मार्च १९५३. वय विचारलं, तर म्हणाला सत्तावीस. त्याचं घड्याळ ऑपरेशनच्या सुमाराला थांबलं होतं. पण बुद्धीची चाचणी घेतली, तर ऑपरेशनच्या आधी १०४ असलेला त्याचा बुद्ध्यांक आता ११२ भरला. म्हणजे बुद्धी शाबूत होती. बोलणं शाबूत होतं, स्वभाव सौम्य होता. बालपण आठवत होतं, आईवडील ओळखू येत होते. नवीन आठवण तेवढी टिकत नव्हती.

इथे पहिला मोठा धडा मिळाला. बुद्धी वेगळी आणि स्मरण वेगळं. विसरणारा माणूस अडाणी नसतो.

दुसरा धडा एका आकड्यानं शिकवला. मिल्नरबाईंनी हेन्रीला ५८४ हा आकडा ध्यानात ठेवायला सांगितला आणि त्या बाहेर गेल्या. पंधरा मिनिटांनी परत आल्या, तर त्यानं तो बरोबर सांगितला. मनातल्या मनात तो त्या आकड्यांच्या बेरजा-वजाबाक्या करत बसला होता. पण लक्ष दुसरीकडे वळलं, आणि मिनिटभरातच आकडा गेला. आकडा दिला होता हेही गेलं.

म्हणजे आत्ताच्या आत्ता मनात धरून ठेवण्याची एक जागा असते, आणि दीर्घकाळ साठवण्याची दुसरी. पहिलीला म्हणतात अल्पकालीन स्मृती. आपल्या भाषेत सांगायचं तर तो हातातला पसा. त्यात फार मावत नाही. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली लिहिलं की माणूस एका वेळी साधारण सात, फार तर नऊ गोष्टी धरू शकतो. पशात घेतलेलं धान्य कणगीत ओतलं नाही, तर दुसरं काही उचलताना सांडतं. कणगीत ओतण्याचं काम हिप्पोकॅम्पस करतो. हेन्रीचा पसा चांगला होता, जुनी कणगीही बरीचशी भरलेली होती, पण ओतणारा हातच राहिला नव्हता.

पुढे १९६८ साली रिचर्ड ॲटकिन्सन आणि रिचर्ड शिफ्रिन यांनी याच विचाराची नीट मांडणी केली. डोळ्या-कानांवर जे येतं ते क्षणभर राहतं. त्यातलं ज्याकडे लक्ष जाईल तेवढं अल्पकालीन स्मृतीत येतं. आणि जे घोळवलं जाईल, कशाशी तरी जोडलं जाईल, ते दीर्घकालीन स्मृतीत जाऊ शकतं. म्हणूनच चुलीवर दूध, कडेवर मूल आणि दारात पाहुणा असताना कुणी सांगितलेला निरोप विसरला, तर ती स्मरणशक्तीची चूक नव्हे. त्या निरोपाला लक्षच मिळालेलं नसतं. जे आत गेलंच नाही, ते बाहेर कुठून येणार?

तिसरा धडा सगळ्यात नवलाचा. मिल्नरबाईंनी हेन्रीला एक खेळ दिला. कागदावर दोन रेघांची चांदणी. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण कागदाकडे थेट बघायचं नाही, आरशात बघून फिरवायची. आरशात सगळं उलटं दिसतं. घरी करून पाहा, सुरुवातीला हात भलतीकडेच जातो. हेन्रीनं हे तीन दिवस, रोज दहा वेळा केलं. तिसऱ्या दिवशी त्याचा हात सफाईनं फिरत होता. पण हा खेळ आपण आधी कधी केलाय, हे मात्र त्याला मुळीच आठवत नव्हतं.

डोकं म्हणत होतं, मी हे कधी केलेलं नाही. हात म्हणत होता, मला हे येतं. याचा अर्थ, हाताच्या कसबाची आठवण वेगळीकडे साठते. हिप्पोकॅम्पस नसला तरी ती तयार होते. १९६२ साली मिल्नरबाईंनी हे मांडलं आणि एकाच कणगीची समजूत मोडून पडली.

त्यात भर घातली कॅनडातच काम करणाऱ्या एंडेल टुल्व्हिंग यांनी. १९७२ साली त्यांनी म्हटलं की घडलेल्या प्रसंगाची आठवण आणि माहितीची आठवण, हेही दोन प्रकार आहेत. आपलं लग्न कुठल्या मांडवात झालं, त्या दिवशी कोण रडलं, ही प्रसंगाची आठवण. मृगात पेरणी करतात, तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो, ही माहितीची आठवण. डाळीची गोष्ट आपल्याला पक्की माहीत असते, पण ती कोणत्या दिवशी, कोणाकडून शिकलो ते सांगता येत नाही.

आता आपल्याकडची एक गोष्ट या उजेडात बघू. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० नंतरच्या काळात गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हा साठा एक लाख ओव्यांच्याही वर गेला. सांगणाऱ्या बहुतेक बायांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मग हे सगळं टिकलं कसं? त्यात शब्द होता, चाल होती, हाताची फेर होती, जात्याची घरघर होती, समोर बसलेल्या जावेचा सूर होता. एकच गोष्ट चार-पाच ठिकाणी बांधून ठेवलेली. एक धागा ओढला की बाकीचं पाठोपाठ येतं. आठवणीची जी तिसरी पायरी, साठवलेलं परत बाहेर काढणं, तिला असा धागा लागतो. ‘मी शाळेत गेले नाही, माझ्या काय ध्यानात राहणार’ असं म्हणणाऱ्या बाईनं या लाख ओव्या आठवाव्यात.

बाहेर काढलेली आठवण मात्र जशीच्या तशी असतेच असं नाही. अमेरिकेतल्या एलिझाबेथ लॉफ्टस यांनी जॉन पामर यांच्यासोबत १९७४ साली हे दाखवलं. त्यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. मग काही जणांना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा वेग किती होता? आठवड्यानं सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? ‘लागल्या’वाल्या ५० जणांपैकी ७ जण हो म्हणाले, ‘चक्काचूर’वाल्या ५० पैकी १६ जण. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. प्रश्नातल्या एका शब्दानं आठवण बदलली. यातले कोणीही खोटं बोलत नव्हते.

आता आपल्या कामाचं बोलू.

पहिलं, गटाचं. कर्जाचा हप्ता कोणी दिला, ठरावाला कोणाची संमती होती, यावरून महिन्यानं भांडण होतं. दोघीही देवाची शपथ घेतात आणि दोघीही मनापासून खरं बोलत असतात. म्हणून इतिवृत्त आणि वहीतली नोंद त्याच दिवशी, त्याच बैठकीत, उठायच्या आधी व्हायला हवी, आणि सगळ्यांना वाचून दाखवायला हवी. नोंदवही म्हणजे मैत्रिणीवरचा अविश्वास नव्हे. ती मैत्री टिकवण्याची सोय आहे.

दुसरं, एखादी बाई आपल्यावरचा अन्याय सांगायला येते तेव्हाचं. ‘त्यानं काठीनंच मारलं ना?’ असं विचारू नका. ‘काय झालं, तुझ्या शब्दांत सांग,’ एवढंच म्हणा. आणि दुसऱ्यांदा सांगताना एखादा बारीक तपशील बदलला, म्हणून तिला खोटी ठरवू नका. आठवण अशीच चालते.

तिसरं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं. म्हातारपणी विसराळूपण वाढवणारा एक आजार आहे, अल्झायमर. त्यात हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा भाग आधीच बिघडू लागतो. म्हणून सासूबाईंना पन्नास वर्षांपूर्वीचा दुष्काळ आठवतो, पण तासापूर्वीचं जेवण आठवत नाही. आणि त्याच सासूबाई परातीपुढे बसल्या, तर भाकरी गोल थापतात, कारण कसबाची आठवण वेगळ्या जागी असते. हे ढोंग नाही आणि सुनेची बदनामी करण्याचा डावही नाही. शेजारणींनीही हे समजून घ्यावं, म्हणजे सुनेवर नाहक ठपका येणार नाही. अशा माणसाला ‘अहो, आत्ताच जेवलात ना’ म्हणून दहादा खोडून काढण्यापेक्षा जे हात अजून जाणतात ते काम हातात द्या. शेंगा फोडणं, वाती वळणं, लसूण सोलणं. त्यानं आजार बरा होत नाही, पण माणसाचा मान राहतो.

आणि प्रत्येक विसरणं म्हणजे अल्झायमर नव्हे. बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉइड, सततची उदासी, अपुरी झोप, यांनीही विसरायला होतं आणि त्यावर इलाज आहे. म्हणून ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. घरात कुणाला फिट येत असतील, तर हेन्रीची गोष्ट ऐकून घाबरू नका. तसं ऑपरेशन दोन्ही बाजूंनी पुन्हा करू नये, असा इशारा खुद्द स्कोव्हिल यांनीच दिला. आज फिटवर चांगली औषधं आहेत. ती मनानं बंद करायची नाहीत.

हेन्रीचं पुढे काय झालं? एका काकांच्या निधनाची बातमी ऐकून तो फार दुःखी झाला, मग विसरला, आणि काका भेटायला कधी येणार, असं अधूनमधून विचारत राहिला. आईवडिलांनी जमेल तेवढी वर्षं त्याला सांभाळलं. पुढे तो शुश्रूषागृहात राहिला. मिल्नरबाईंच्या विद्यार्थिनी सुझन कॉर्किन त्याला १९६२पासून अखेरपर्यंत भेटत, तपासत राहिल्या. त्यांची खरी ओळख त्याला कधी पटली नाही. आपल्यामुळे दुसऱ्यांना मदत होईल, असं मात्र तो म्हणायचा. २ डिसेंबर २००८ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी तो वारला. तोवर जगाला त्याची ‘एच. एम.’ ही दोन अक्षरंच माहीत होती. पूर्ण नाव मृत्यूनंतर कळलं.

स्मरणाच्या या इतिहासात हेन्रीच्या आईच्या नावानं कुठला शोध नोंदलेला नाही. पण गवत कापायच्या यंत्राची आणि त्याच त्या मासिकांची गोष्ट तिनं पाहिली नसती, तर शास्त्रज्ञांना ती कळली नसती. तुमच्या घरात कोणी विसरू लागलं असेल, तर दवाखान्यात जाण्याआधी तुम्हीही एका वहीत लिहून ठेवा, किंवा मुलीकडून लिहवून घ्या. काय विसरतात, काय अजून आठवतं, कोणतं काम हातांना अजून येतं आणि हे कधीपासून. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. रोज शेजारी असणाऱ्या बाईला जे दिसतं, ते पाच मिनिटांच्या तपासणीत दिसत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.